ख्रिस्तोफर रीव्हचं सुतक कसं पाळावं

१० ऑक्टोबर, म्हणजे अमेरिकन नट ख्रिस्तोफर रीव्हचा स्मृतिदिन, आला की सुपरमॅनच्या वेशातला त्याचा फोटो स्टेटसला लागतो. लावा की. १९७८चा तो सिनेमा आम्हा भावंडांचाही जीव की प्राण. पण त्याच्या जाण्याचं खरंच वाईट वाटत असेल, तर तो कशाने गेला ते आधी समजून घ्या.

२७ मे १९९५ला व्हर्जिनियातल्या कल्पेपरमध्ये घोडा अडथळ्यापाशी थबकला आणि रीव्ह डोक्यावर आपटला. मानेचे अगदी वरचे मणके मोडले. मानेखाली हालचाल गेली, श्वास यंत्रावर आला. त्यानंतर तो नऊ वर्षं जगला. २००४मध्ये बेडसोअरमध्ये, म्हणजे एकाच जागी सतत भार पडून होणाऱ्या जखमेत, संसर्ग झाला, उपचार चालू असतानाच हृदय थांबलं. वय ५२. हाताशी नर्स आणि उत्तमातले उत्तम डॉक्टर असलेल्या माणसाचं हे झालं, हे मला अजूनही पचत नाही.

माझा दादा आंबे काढताना झाडावरून पडला. तेव्हापासून त्याला कमरेखाली काही जाणवत नाही. म्हणून माझ्या लेखी या दिवसाचं पहिलं काम त्वचा बघणं. तुमच्या घरात, शेजारात कुणी अंथरुणाला किंवा खुर्चीला असेल, तर हे शिकून घ्या.

माकडहाड, बसायची हाडं, नितंबांच्या बाजू, टाचा आणि घोटे रोज उजेडात बघायचे. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून सोडा. दाबल्यावर फिका पडून परत लाल झाला तर ठीक. फिका पडलाच नाही तर ती सुरुवात समजा. आपल्या सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, म्हणून हाताच्या मागच्या बाजूने चाचपा: आसपासपेक्षा गरम लागतंय का, टणक लागतंय का. असं काही आढळलं तर त्या जागेवर भार बंद. चोळायचं नाही, तेल जिरवायचं नाही. मधे भोक असलेली रबरी रिंगही नको, तिच्या कडेने रक्त अडतं. अंथरुणात साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा उशीवरून अधांतरी ठेवायच्या. खुर्चीत दादा पाव तासाने दोन्ही हातांवर अंग उचलतो, नाहीतर पुढे वाकतो. कातडी फाटली, पू आला, ताप आला तर घरचे उपाय करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

संध्याकाळी सिनेमा बघायचा असेल तर त्याचा १९९८चा ‘रिअर विंडो’ बघा. व्हीलचेअरवर, श्वासाच्या यंत्रासकट त्याने त्यात मुख्य भूमिका केली आणि स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड या नटांच्या संघटनेचा पुरस्कार मिळवला. तो नट म्हणून संपला नव्हता, हे डोळ्यांनी दिसतं.

त्याच्यावरचा राग दडपू नका. २०००च्या सुपर बोलमधल्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यातल्या, एका जाहिरातीत तंत्राच्या करामतीने त्याला चालताना दाखवलं, तेव्हा बरेच अपंग कार्यकर्ते चिडले. बरं होण्याच्या आशेपायी आज जगायच्या सोयी मागे पडतात, असं त्यांचं म्हणणं होतं. दादाला ते पटतं. मला रीव्हची घाई कळते, कारण मणक्याच्या संशोधनासाठी तो जिवाच्या आकांताने पैसे उभे करत होता. आमच्याकडे या दिवशी यावरून वाद होतो आणि व्हायलाच हवा. शिवाय आरोग्य विम्यातून आयुष्यभरात मिळणाऱ्या एकूण पैशांची कमाल मर्यादा वाढवा म्हणूनही तो झगडला. ते रोजच्या जगण्याचंच काम होतं.

डेनाला विसरू नका. त्याची बायको, त्याच्या बरोबरीने मणक्याच्या संशोधनाची संस्था उभी करणारी. २००६मध्ये ४४व्या वर्षी फुप्फुसाच्या कॅन्सरने गेली. तेव्हा त्या दिवशी सांभाळणाऱ्या माणसालाही फोन करा. नुसतं ‘कशी आहेस’ विचारू नका, ‘चारपासून सातपर्यंत मी बसतो, तू झोप’ असं म्हणा.

आणि वर्गणी काढून काही करणार असाल तर टेप घेऊन जवळच्या वाचनालयाची, सभागृहाची पायरी मोजा. तिथे व्हीलचेअरसाठी उतार (रॅम्प) करायचा तर एक फूट उंचीला तो निदान बारा फूट लांब लागतो. त्याहून चढा असेल तर खुर्ची मागे कलंडते, ढकलणाऱ्याचीही कंबर मोडते. मोजमापासकट अर्ज लिहा आणि पोच घेऊनच या.