गाडीच्या विम्याचे कोटेशन कसे वाचावे आणि संरक्षण कसे निवडावे

विम्याची मुदत संपत आली की एजंटचा फोन येतो : "मागच्या वर्षीपेक्षा दोन हजारांनी कमी करून देतो." हे दोन हजार नेमके कशातून कमी झाले, हे समजल्याशिवाय होकार देऊ नये. त्यासाठी कोटेशनच्या तळाशी असलेली रक्कम बाजूला ठेवून आधी त्याचे दोन भाग वेगळे करावेत.

पहिला भाग थर्ड पार्टीचा. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार तो सक्तीचा आहे. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचा मृत्यू झाला किंवा त्याला इजा झाली, तर न्यायाधिकरण ठरवील ती भरपाई आणि दुसऱ्याच्या मालमत्तेचे साडेसात लाखांपर्यंतचे नुकसान त्यातून मिळते. आपल्या स्वतःच्या गाडीसाठी मात्र त्यात काहीही नसते. हा दर सरकार ठरवते. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे १००० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला २,०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७ रुपये, शिवाय जीएसटी. सगळ्या कंपन्यांचा दर एकच असल्यामुळे येथे तुलना करण्यात वेळ घालवू नये.

तुलना करायची ती दुसऱ्या भागाची, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याची. त्याचा पाया आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, हा असतो. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाला, तर याच आकड्याच्या आधारे पैसे मिळतात. गाडीच्या आजच्या शोरूम किमतीतून वयानुसार घसारा वजा करून तो काढतात : दुसऱ्या वर्षी २० टक्के, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४०. आठ लाखांची गाडी चौथ्या वर्षात असेल, तर आयडीव्ही ४ लाख ८० हजारांच्या आसपास हवा. एजंटच्या कोटेशनवर तो चार लाख दिसला, तर त्याचे दोन हजार कुठून आले, याचे उत्तर बहुधा तेथेच सापडते.

यानंतर नो क्लेम बोनस पाहावा. क्लेम न केल्यास स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियमवर २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के अशी सवलत वाढत जाते आणि एका क्लेमने ती शून्यावर येते. समजा, बम्पर फुटला आणि नवा ९,००० रुपयांना पडला. प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, त्यातून सक्तीचे १,००० रुपये आपणच भरायचे. म्हणजे मजुरी बाजूला ठेवली तर हाती ३,५०० उरले. सध्या ३५ टक्के बोनस असेल आणि सवलतीपूर्वीचा प्रीमियम ८,००० असेल, तर पुढच्या वर्षी मिळणारी ४५ टक्क्यांची, म्हणजे ३,६०० रुपयांची सवलत या क्लेमपायी गेली. असा बम्पर स्वतःच्या खिशातून बदलावा. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. गाडी विकली तरी तो नव्या गाडीला लावून घेता येतो.

अ‍ॅड-ऑन, म्हणजे जादा पैसे भरून घ्यायची संरक्षणे, निवडताना गाडी कुठे उभी राहते, याचा विचार करावा. पहिली पाच वर्षे झीरो डेप घेणे बहुतेकांना परवडते, कारण वर सांगितलेला घसारा त्यामुळे कापला जात नाही. मुंबईच्या सखल भागात किंवा तळघरातील पार्किंगमध्ये गाडी ठेवणाऱ्याने इंजिन संरक्षण अवश्य घ्यावे. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नात इंजिनात पाणी शिरून ते निकामी झाले, तर साध्या पॉलिसीत तो क्लेम बहुधा नाकारला जातो. हे संरक्षण असले तरी पाण्यात किल्ली फिरवू नयेच. किल्ली हरवल्याचे, सामान गेल्याचे वगैरे अ‍ॅड-ऑन माझ्या मते टाळता येण्याजोगे आहेत.

बारा-पंधरा वर्षांच्या, दीड लाखही न येणाऱ्या गाडीला केवळ थर्ड पार्टी पुरेशी ठरू शकते. मालक-चालकाचे १५ लाखांचे अपघाती संरक्षण मात्र आधीपासून दुसरीकडे नसेल, तर घ्यावे.

पैसे भरण्यापूर्वी चासी क्रमांक आरसी बुकाशी ताडून पाहावा आणि नंतर बसवलेल्या सीएनजी किटची नोंद पॉलिसीत आहे ना, याची खात्री करावी. मुदत संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण न केल्यास साठवलेला बोनस जातो. आणि त्या मधल्या दिवसांत विनाविमा गाडी रस्त्यावर आणल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये दंड भरावा लागू शकतो.