रविवारच्या पाऊण तासावर सोडू नका

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, आमच्या कॅथलिक चर्चमध्ये मी १४ वर्षं धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपली की पाऊण तास. त्यातून सुट्ट्या, परीक्षा, भातलावणी आणि सणवार वजा केले तर वर्षाकाठी एका मुलाच्या वाट्याला पंचवीसेक तास येतात. तेवढ्यात मी प्रार्थना पाठ करून घेऊ शकते. प्रार्थना करायची सवय मात्र घरातच लागते, आणि हे मला माझ्याच मुलामुळं कळलं.

तो पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या, म्हणजे मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याच्या, तयारीत होता. इंग्रजी माध्यमाच्या पोरांना सोपं जावं म्हणून वर्गात मी सगळं इंग्रजीतच शिकवत होते, आणि त्याला ते घडाघडा यायचं. त्याच वर्षी सासूबाई अंथरुणाला खिळल्या. एका संध्याकाळी त्यांनी जपाची माळ हातात घेतली, ‘नमो मरिये’ ही मरियेची प्रार्थना सुरू केली आणि नातवाला म्हणाल्या, “पुढचं तू म्हण रे बाळा.” तो गप्प उभा राहिला. आजीच्या भाषेतले शब्द त्याला कुणी दिलेच नव्हते. सासूबाई मला काही बोलल्या नाहीत. त्यांनी त्याला जवळ बसवलं, एकेक शब्द सांगत गेल्या आणि तो मागून म्हणत गेला. दहा मण्यांना त्या रात्री वीस मिनिटं लागली.

म्हणून पालकांना मी पहिली गोष्ट सांगते ती भाषेची. ज्या भाषेत तुम्ही पोराला जेवायला हाक मारता, त्याच भाषेत त्याला प्रार्थना शिकवा. आमच्याकडं कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या घरी कोंकणी, शाळेत कन्नड नाहीतर इंग्रजी. आईची भाषा एक आणि वडिलांची दुसरी असेल तर आईनं आपल्या भाषेत म्हणावी, वडिलांनी आपल्या. मुलं दोन्ही उचलतात. आपल्याकडं ही वाट जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत रचली आणि १६१६ साली ती छापली गेली. लोकांच्या कानात जी चाल आधीपासून होती, तीच त्यांनी घेतली.

दुसरी गोष्ट वेळेची. दिवेलागणीला दहा मणी, बस्स. पाच दशकांची (दहा-दहा मण्यांच्या पाच भागांची) पूर्ण माळ मे आणि ऑक्टोबर महिन्यांसाठी ठेवा. दमून आलेल्या पोराला रोज अर्धा तास गुडघ्यावर बसवलं तर त्याला माळेचीच धास्ती बसते. माळ म्हणताना येशू आणि मरियेच्या आयुष्यातले प्रसंग मनात आणायचे, त्यांना रहस्यं म्हणतात: सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्यं, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची. त्यातलं रोज एकच घ्या. सुरू करण्याआधी मुलाला विचारा, “आज कुणासाठी?” नाव त्यालाच घेऊ द्या. उद्यमबागेत रात्रपाळीला गेलेले बाबा, व्यायला टेकलेली म्हैस, वर्गात ज्याच्याशी भांडण झालं तो पोरगा, कुणीही चालेल. म्हशीचं नाव घेतलं म्हणून हसू नका. मुलाच्या मनावर त्या दिवशी कशाचं ओझं आहे, ते आईबापांना या एका प्रश्नातून कळतं.

शनिवारी रात्री दुसऱ्या दिवशीचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधला येशूच्या जीवनाचा उतारा, घरात वाचा. रविवारचे उतारे तीन वर्षांच्या फेऱ्यानं येतात: एक वर्ष मत्तय, एक वर्ष मार्क, एक वर्ष लूक, आणि योहान अधूनमधून, विशेषतः प्रायश्चित्तकाळात आणि पुनरुत्थानकाळात. वाचून झाल्यावर अर्थ सांगत बसू नका. “यातलं तुला काय पटलं नाही?” एवढंच विचारा. उधळ्या मुलाच्या गोष्टीवर (पैसा उडवून परत आलेल्या धाकट्याला बाप मेजवानी देतो ती) माझ्या वर्गातला एक मोठा भाऊ तावातावानं म्हणाला होता, “शेतात राबला थोरला आणि जेवण धाकट्याला?” त्या दिवशी आमचा पाऊण तास त्यावरच गेला आणि तो वाया गेला असं मला मुळीच वाटत नाही.

जमेल तेव्हा गोष्ट जिथली आहे तिथं मुलांना घेऊन जा. सुगीनंतर आमच्या शिवारात धनगर येतात. खत मिळावं म्हणून शेतकरी रात्रभर मेंढरं बसवून घेतो, बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. दोन वर्षांमागं मी सहा मुलं आणि त्यांच्या आईबापांना तिन्हीसांजेला तिथं घेऊन गेले. धनगरमामा जाळी लावत होते.

एका मुलीनं विचारलं, “मामा, मेंढरं किती?”

“असतील शंभर-सव्वाशे.”

“रोज मोजता?”

“मोजायचं कशाला? वळखतोय की. एक कमी असलं की लगेच ध्यानात येतंय.”

“मग काय करता?”

“भावाला हितं बसवायचं आन बॅटरी घेऊन निघायचं. गावल्याबगर झोप येतीया व्हय?”

त्यांच्या घोंगड्यात दोन दिवसांचं कोकरू होतं. ते त्यांनी आमच्यातल्या सगळ्यांत लहान पोराच्या मांडीवर ठेवलं. बांधावर बसून मी लूकचा १५ वा अध्याय काढला: शंभर मेंढरं, त्यातलं एक हरवलेलं. एका बाजूला कोकरू ओरडत होतं, त्याची आई जाळीतून त्याला उत्तर देत होती. मी वाचलं आणि पुस्तक मिटलं. परत येताना तो लहानगा वडिलांना विचारत होता, “मामा आपल्यालाबी वळखतील काय, उद्या परत गेलो तर?”

धनगर सगळीकडं नसतात, पण खमीर सगळ्यांच्या घरी असतं. इडलीचं पीठ रात्री ज्या पातेल्यात ठेवता, त्यावर मुलाला खडूनं खूण करायला लावा आणि सकाळी पीठ कुठवर चढलं ते दाखवा. मत्तयाच्या १३ व्या अध्यायातला खमिराचा दाखला त्याच ओट्यापाशी वाचा.

पहिला ख्रिस्तप्रसाद आणि त्याआधीचं पापनिवेदन यांचं बोलायचं तर, तयारी धर्मशिक्षिकेवर सोपवून पालक पांढऱ्या कपड्यांच्या आणि जेवणाच्या मागं लागतात. साधारण सातव्या वर्षी मुलाला समज येते, तेव्हापासून त्याला ख्रिस्तप्रसाद देता येतो, हे १९१० साली पोप दहावे पायस यांनी ठरवून दिलं. चर्चच्या १९८३ च्या कायदासंहितेतलं ९१४ वं कलम तयारीची जबाबदारी ठेवतं ती आधी आईबापांवर आणि मग धर्मगुरूंवर. तेव्हा मुलाच्या आधी तुम्ही पापनिवेदनाला जा, आणि तुम्ही रांगेत उभे आहात हे त्याला दिसू द्या. घरी त्याच्यावर विनाकारण हात उगारला असेल तर त्याची माफी मागा. ज्या मुलानं बापाला “चुकलो” म्हणताना ऐकलंय, ते मूल फादरांपुढं घाबरत नाही. ख्रिस्तप्रसादाआधी एक तास पाणी आणि औषध सोडून काही घ्यायचं नाही, हा नियमही घरातल्या सगळ्यांनी मिळून पाळा.

जे धर्मशिक्षणाचं काम बघतात त्यांना एक विनंती. महिन्यातून एक रविवार मुलांचा वर्ग बंद ठेवा आणि आईबापांसकट सगळ्यांना एका सतरंजीवर बसवा. पालकांना खुर्च्या दिल्या की ते श्रोते होऊन बसतात. नवरा-बायकोतलं एक जण ख्रिस्ती नसेल तर त्यालाही आवर्जून बोलवा. आमच्या वर्गातल्या एका मुलीची आई लग्नाआधी वारकरी घरातली. तिला भजनाची चाल आणि टाळ दोन्ही येतं, आणि नाताळची गाणी मुलांकडून तिच्याइतकी चांगली कुणी बसवून घेत नाही.

आता डिसेंबरचं. नाताळचा गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, सजवायला बाजारातून प्लास्टिकचं गवत आणू नका, नाचणी पेरा. १० डिसेंबरच्या सुमारास मूठभर नाचणी रात्रभर भिजवा. पसरट वाटीत किंवा नारळाच्या करवंटीत माती आणि थोडं शेणखत घाला, दाणे दाट पसरा, वर मातीचा पातळ थर द्या आणि दोन दिवस ओल्या गोणपाटानं झाका. मग ती उजेडात ठेवा आणि रोज हातानं पाणी शिंपडा. पाणी ओतायचं नाही; एका वर्षी आमच्याकडं दोन मुलांनी मायेनं सकाळ-संध्याकाळ तांब्या ओतला आणि सगळे कोंब कुजले. प्रत्येक मुलाची वाटी वेगळी ठेवा आणि त्यावर त्याचं नाव लिहा. २४ तारखेला कोंब बोटाएवढे उंच होतात. रात्री मिस्सेला निघायच्या आधी घरातल्या धाकट्यानं बाळ येशूची मूर्ती गव्हाणीत ठेवायची आणि बाकीच्यांनी आपापल्या वाट्या भोवती मांडायच्या. ६ जानेवारीला गोठा काढला की ते कोंब आम्ही वासराला घालतो. वाटी कुणी धरायची, यावरून दर वर्षी भांडण होतं.