व्हिडिओचा फॉरमॅट निवडताना या चुका टाळा

खासबागेतली कुस्ती असो, गणपतीची मिरवणूक असो की राजारामपुरीतल्या दुकानाची जाहिरात, कोल्हापुरात कॅमेरा हाती घेणारी पोरं भरपूर आहेत आणि त्यांची नजरही तयार आहे. असं मेहनतीनं केलेलं चित्रण चुकीच्या फाईलपायी वाया गेलं की फार वाईट वाटतं.

सगळ्यात मोठी गल्लत कोडेकची होते. एमपीफोर किंवा एमओव्ही हा नुसता डबा असतो. आतलं चित्र कसं दाबून भरलंय, ते कोडेक ठरवतो. एकाच एमपीफोरमध्ये २००३ चा एच.२६४ असू शकतो, नाहीतर २०१३ चा एच.२६५. दुसरा साधारण निम्म्या जागेत तेवढंच चांगलं चित्र ठेवतो. पण जुन्या टीव्हीवर किंवा लॅपटॉपवर नुसता आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. फाईलच्या नावातलं एमओव्ही खोडून एमपीफोर लिहिल्यानं आतलं काहीच बदलत नाही. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरच्या टूल्समध्ये ‘कोडेक इन्फर्मेशन’ उघडा, आत काय आहे ते लगेच कळतं. पडदा कुणाचा, मशीन कुठलं हे माहीत नसेल, तर एच.२६४ द्या.

एडिटिंग अडकत असेल तर लगेच नवा कॉम्प्युटर घ्यायला धावू नका. एच.२६४ आणि एच.२६५ मध्ये बहुतेक फ्रेममागे फक्त आधीच्या-नंतरच्या फ्रेमशी असलेला फरक साठवलेला असतो, त्यामुळे प्रत्येक कटला मशीनला बरंच गणित करावं लागतं. प्रोरेस या एडिटिंगसाठीच्या कोडेकमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण असते, म्हणून काम सरसर होतं. मात्र फुल एचडीत, सेकंदाला २५ फ्रेमनं, प्रोरेस ४२२ चा एक तास ५५ जीबीच्या आसपास जातो. एवढी जागा नसेल तर प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती, बनवून कापा.

फोनवरच्या मुलाखतीत ओठ आणि आवाज हळूहळू सुटत गेले, तर बदलता फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला फ्रेम कमी-जास्त होतात का, ते तपासा. हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून फाईल नव्यानं काढा आणि मगच टाइमलाइनवर घ्या.

व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे चित्र आणखी दाबलं जात नाही.

पेनड्राइव्हवर मोठी फाईल कॉपीच होत नसेल, तर तो बहुधा फॅट३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला असतो. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही. मोठ्या फाईली घेणारा एक्सफॅट फॉरमॅट चालतो का, हे एलईडी वॉलवाल्याला आदल्या दिवशीच विचारा. नसेल चालत, तर ८ एमबीपीएसला (सेकंदाला ८ मेगाबिट) काढलेला तासभराचा व्हिडिओ ४ जीबीत बसतो.