आधी षड्ज, मग बाकीचे सूर

शाळेत पाठ झालेलं सारेगमप गाण्याच्या क्लासला गेल्यावर पहिल्यापासून शिकावं लागतं. नोकरी लागल्यावर मी नौपाड्यातल्या एका बाईंकडे जायला लागले, तेव्हा कित्येक आठवडे बाईंनी नुसता षड्ज, म्हणजे सा, लावून घेतला. नवीन आलेले बरेच जण याच काळात कंटाळून क्लास सोडतात. तुम्ही सोडू नका.

आपल्या संगीतात सा एका पट्टीला बांधलेला नसतो. ज्याचा गळा जिथे मोकळा लागतो, तिथे त्याचा सा. बायकांचा बहुधा पेटीच्या काळी चार-पाचच्या (काळ्या पट्ट्यांचे क्रमांक) आसपास, पुरुषांचा काळी एक-दोनच्या. तो ठरला की बाकीचे सूर त्याच्या हिशेबाने. सा सेकंदाला 240 कंपनांचा धरला, तर पंचम म्हणजे प दीडपट म्हणजे 360 आणि तार सा, म्हणजे वरचा सा, दुप्पट, 480. सा आणि प अचल. रे, ग, ध, नी उतरून कोमल होतात, म चढून तीव्र होतो; असे एका सप्तकात बारा सूर. सूर लिहिण्याच्या भातखंडे पद्धतीत कोमल सुराखाली आडवी रेघ आणि तीव्र म वर उभी रेघ देतात, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकाला खाली टिंब, तार म्हणजे वरच्या सप्तकाला वर. सुरुवातीची थिअरी एवढीच, एका दुपारी पाठ होते.

वेळ लागतो तो कान तयार व्हायला. तंबोऱ्याची खर्जाची, म्हणजे खालच्या सा ची, तार नीट जुळली असेल आणि जवारी (घोडीवर तारेला येणारी झणकार) चांगली लागली असेल, तर कुणी न छेडलेला गंधार, म्हणजे ग, तिच्यातून ऐकू येतो. बाई तार छेडून म्हणायच्या, "अगं, घाई करू नकोस. नाद पसरू दे, मग ग येतो बघ." खरंच, छेडल्याबरोबर नाही, जरा वेळाने तो वर येतो. भूप रागात गंधार लावायचा तो हाच. पेटीचा गंधार याच्याहून किंचित चढा असतो, म्हणून रियाजाला पेटीपेक्षा तंबोरा बरा. घरी तंबोरा नसेल तर मोबाइलवरचं तानपुऱ्याचं ॲप चालेल, फक्त ते स्पीकरवर लावा. हेडफोन घातला की स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही. सकाळच्या ठाणे लोकलमध्ये गाता येणार नाही, पण पलटे, म्हणजे सुरांचे ठरावीक क्रम, मनातल्या मनात म्हणता येतात, आणि त्याचा फार उपयोग होतो.

परीक्षांचं सगळेच विचारतात. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं मुख्यालय आपल्या वाशीतच आहे, परीक्षा प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत असतात. परीक्षा जरूर द्या, पण सा स्थिर झाल्याशिवाय फॉर्म भरू नये असं माझं ठाम मत आहे. त्यापेक्षा मैफली ऐका. ठाण्यात पं. राम मराठे यांच्या नावाने महापालिकेचा संगीत महोत्सव होतो, तिथे जा. कुणी भूप मांडला तर त्यात म आणि नी नाहीत हे कानाला कळतंय का पाहा. ते जमलं की यमन राग ऐका आणि तीव्र मध्यम, म्हणजे तीव्र म, कुठे येतो ते शोधा.