कापडी हूड आणि मागची प्लॅस्टिकची काच : या चुका टाळा

नाशिकच्या कारखान्यात तयार झालेली सॉफ्ट टॉप, म्हणजे कापडी छताची, थार असो किंवा जुन्या जीपवर कारागिराकडून शिवून घेतलेले हूड असो, 'मागचे काही दिसत नाही' ही तक्रार दोन-तीन पावसाळ्यांत सुरू होते आणि तिचा दोष उन्हाला दिला जातो. उन्हाने प्लॅस्टिक पिवळे पडते हे खरे, पण ती काच धुरकट होते ती बहुतेक वेळा पुसणाऱ्याच्याच हाताने.

सकाळी निघण्यापूर्वी कोरडे फडके फिरवण्याची सवय सर्वांत महागात पडते. ही काच म्हणजे मऊ पीव्हीसी असल्याने तिच्यावर बसलेली धूळ फडक्याखाली पॉलिश पेपरसारखे काम करते. तिरप्या उन्हात पाहिल्यास वर्तुळाकार बारीक ओरखडे स्पष्ट दिसतात. दिंडोरी-पिंपळगावकडे ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेलगत गाडी उभी राहिली, तर बोर्डो मिश्रणाचे, म्हणजे बागेवर फवारलेल्या बुरशीनाशकाचे, निळसर-पांढरे ठिपके काचेवर वाळतात. त्यात मोरचुदाबरोबर चुना असतो, त्यामुळे ते नखाने किंवा फडक्याने खरवडू नयेत. आधी भरपूर पाणी सोडून ते भिजू द्यावेत, मग सौम्य शॅम्पूच्या पाण्यात बुडवलेल्या मायक्रोफायबरने, दाब न देता, एकाच दिशेने पुसावे. बोअरचे पाणी जड असेल तर ते काचेवर वाळू देऊ नये, कारण राहिलेले क्षारांचे डाग घासण्याचा मोह पुन्हा होतोच.

घरातील काचा पुसण्याचा अमोनियायुक्त स्प्रे, थिनर आणि पेट्रोल या काचेला लावू नये. प्लॅस्टिकला लवचीक ठेवणारी द्रव्ये त्यांनी हळूहळू निघून जातात आणि काच आधी धुरकट, मग ठिसूळ होते. बारीक ओरखडे प्लॅस्टिक पॉलिशने कमी होतात, मात्र खोलवर गेलेला पिवळेपणा त्याने जात नाही. तेव्हा काच बदलून नवी शिवून घेणेच स्वस्त पडते.

डिसेंबरातील एका पहाटे निफाड रस्त्यावर, थंडीने हात आखडलेले असताना, मी हौसेने ही काच शिवलेला मागचा पडदा दुमडला आणि घडीवर केसाएवढी चीर गेली. दुपारपर्यंत ती वीतभर झाली होती. थंडीत पीव्हीसी कडक होते, म्हणून गाडी थोडा वेळ उन्हात ठेवून मगच तो काढावा. शिवाय त्याची घडी न घालता, मध्ये सुती चादर ठेवून सैल गुंडाळी करावी.

ओले हूड खाली करून ठेवणे ही खास पावसाळ्यातली चूक. इगतपुरी किंवा त्र्यंबकेश्वरहून भिजून आल्यावर ते तसेच बांधून ठेवले, तर दोन-तीन दिवसांत कुबट वास येतो आणि बुरशीचे काळे ठिपके दिसू लागतात. ते घालवण्यासाठी ब्लीच वापरले की ठिपके जातात खरे, पण रंग उडतो आणि शिवणीचा दोराही कमजोर होतो. सौम्य साबण, मऊ ब्रश आणि सावलीत पूर्ण वाळवणे एवढ्यावर भागते.

पाणी गळत असेल तर लगेच कापडाला दोष देऊ नये. एकाने टॉर्च घेऊन आत बसावे, दुसऱ्याने पाइपची संथ धार खालून वर अशी सरकवत न्यावी. गळती बहुधा शिवणीतून किंवा दबलेल्या रबरातून निघते. शिवणीवर बाथरूमचे सिलिकॉन थापू नये, कारण ते सोलून निघते आणि त्या जागी नंतर दुसरे काही नीट चिकटत नाही. शिवणीसाठीचे सीलंट कापड वाळल्यावर आतून लावावे. चेन अडत असेल तर ती ओढू नये; दात ब्रशने साफ करून मेण फिरवावे.

कापड पाण्याचे थेंब धरेनासे झाले, म्हणजे पाणी मुरू लागले, की जलरोधक स्प्रे मारावा, आणि तो मे महिन्यातच मारावा. मात्र त्याआधी हूड धुऊन पूर्ण वाळलेले हवे आणि मागची काच वर्तमानपत्र व चिकटपट्टीने झाकलेली हवी, कारण त्या स्प्रेचे शिंतोडे काचेवर वाळले की सहजासहजी निघत नाहीत.