प्रोस्टेट बायोप्सीला जाण्याआधी: दुखणे, रक्तस्राव आणि ताप यांची तयारी

प्रोस्टेट ग्रंथीच्या बायोप्सीपूर्वी, म्हणजे तपासणीसाठी सुईने तिचे नमुने घेण्यापूर्वी, रोजच्या सर्व औषधांची यादी, मेडिकलमधून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांसह, युरॉलॉजिस्टपुढे ठेवावी. वॉरफरिन किंवा क्लोपिडोग्रेल यांसारखी रक्त पातळ करणारी औषधे थांबवायची की नाही आणि किती दिवस, हे ते हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून ठरवतात. स्टेंट बसवलेल्या रुग्णाने ऐकीव सल्ल्यावरून गोळी बंद करणे हे बायोप्सीतील रक्तस्रावापेक्षा अधिक घातक ठरू शकते. मधुमेह, हृदयाची कृत्रिम झडप, औषधांची ॲलर्जी आणि अलीकडे घेतलेली प्रतिजैविके यांची नोंदही त्याच कागदावर असावी. लघवीत जंतुसंसर्ग आढळल्यास आधी त्याचा उपचार पूर्ण करावा लागतो.

नमुने कोणत्या मार्गाने घेणार, हे अवश्य विचारावे. गुदमार्गातून सोनोग्राफीच्या साहाय्याने साधारण १० ते १२ नमुने घेतात, तेव्हा सुई गुदाशयाच्या भिंतीतून जाते आणि तेथील जंतू तिच्याबरोबर ग्रंथीत किंवा रक्तात शिरू शकतात. वृषणकोश व गुदद्वार यांच्यामधील त्वचेतून सुई घातल्यास हा धोका बराच कमी होतो. सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाला दाद न देणारे जंतू भारतात मोठ्या प्रमाणावर आढळत असल्याने, संसर्ग टाळण्यासाठी कोणते प्रतिजैविक देणार, हा प्रश्न विचारण्यात संकोच बाळगू नये.

दुखण्याची भीती अनेकांना सर्वाधिक वाटते. ग्रंथीभोवती भूल दिल्यानंतर गुदमार्गात घातलेल्या सोनोग्राफीच्या प्रोबचा (दांड्यासारख्या उपकरणाचा) दाब आणि प्रत्येक नमुन्याच्या वेळी बसणारा खटका जाणवतो. नंतरचा ठणका बहुधा काही दिवसांत ओसरतो. त्यासाठी पॅरासिटामॉल घरात आणून ठेवावे. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक विचारल्याशिवाय घेऊ नये. परतताना स्वतः गाडी चालवावी लागू नये अशी व्यवस्था करावी, आणि पुढचे काही दिवस जड ओझे, दुचाकी व बद्धकोष्ठता टाळावी.

रक्त दिसणार, हे घरच्यांनाही आधीच सांगून ठेवावे. शौचावाटे ते काही दिवस आणि लघवीतून कधी कधी दोन आठवड्यांपर्यंत थोडेथोडे जाते. वीर्याचा तांबूस वा तपकिरी रंग कित्येक आठवडे टिकू शकतो, आणि नेमकी हीच गोष्ट संकोचापोटी कोणी बोलत नसल्याने पुरुष उगाच धास्तावतात. मात्र रक्ताच्या गाठी पडू लागल्यास, रक्तस्राव वाढत गेल्यास किंवा लघवी तुंबल्यास थांबू नये. तुंबलेल्या लघवीसाठी तात्पुरता कॅथेटर (लघवीची नळी) घालावा लागतो. ज्यांची धार आधीपासूनच बारीक आहे, त्यांनी या शक्यतेबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलावे.

सर्वांत गंभीर गुंतागुंत म्हणजे रक्तात पसरणारा जंतुसंसर्ग. म्हणून घरात चालू स्थितीतला थर्मामीटर, रुग्णालयाचा रात्रीही लागणारा फोन नंबर आणि वाहनाची सोय, ही तयारी आदल्या दिवशीच झालेली असावी. पॅरासिटामॉलमुळे ताप झाकला जात असल्याने गोळी घेण्यापूर्वी ताप मोजावा. तो १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा त्याहून अधिक भरला, किंवा थंडी वाजून हुडहुडी भरली, तर सकाळची वाट न पाहता कॅज्युअल्टी गाठावी आणि तेथील डॉक्टरांना बायोप्सी कधी झाली, कोणत्या मार्गाने झाली व कोणते प्रतिजैविक दिले होते, हे डिस्चार्ज कार्ड दाखवून आपणहून सांगावे.