मुलांना गाडीत कामाला लावा

माझं माहेर पुण्याचं, सासर ग्वाल्हेरचं. त्यामुळे मे महिन्यात मुलांना घेऊन झेलम एक्सप्रेसनं येणं-जाणं ठरलेलंच. संध्याकाळी पुणं सोडायचं आणि दुसरी दुपार कलेपर्यंत गाडीत. थोरली नऊ वर्षांची, धाकटा सहाचा. "एवढा वेळ रमतात कशी गं?" असं जाऊबाई दर वेळी विचारतात. रमत नाहीत, कामाला लावावं लागतं. खेळणी कितीही न्या, मनमाड यायच्या आत त्यांचा कंटाळा येतो. शिवाय बारीक तुकड्यांचं खेळणं असेल तर ते शोधायला बर्थखाली आपणच वाकायचं.

सुरुवात तिकिटापासून. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला तिकीट लागत नाही. पाच ते बारा वयाला बर्थ नको असेल तर अर्धं, बर्थ हवा तर पूर्ण. पूर्णच काढा. वाचवलेल्या पैशांची किंमत रात्री एका बर्थवर दोघांनी आखडून झोपताना कळते. जमलं तर एक खालचा आणि त्याच्याच वरचा अगदी वरचा बर्थ घ्या, म्हणजे दिवसा मुलांना माडी मिळते. स्लीपरमध्ये बसल्या बसल्या खिडकीचं शटर वर नीट अडकतंय का ते हातानं ओढून बघा. सैल असेल तर खालीच ठेवा, कारण मुलांची बोटं कायम त्याच चौकटीवर असतात.

पहिल्या संध्याकाळी पिशवीतून काहीही काढू नका. नवलाईत दौंड-नगर कसं जातं कळत नाही. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि दाण्याची चटणी लवकर खायला घालायची आणि दहाला दिवे जायच्या आत आडवं करायचं.

खरा दिवस इटारसीला उजाडतो, आणि इथून कामं वाटायची. थोरलीकडे वही. प्रत्येक स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, ती टिपून घ्यायची. नर्मदेच्या पुलाअलीकडे नर्मदापुरमची पाटी मिळते आणि पुढे भोपाळची. दोन्हींत दोनशे मीटरच्या आसपास फरक निघतो. "मग गाडी चढली कुठं?" हे विचारून ठेवायचं. उत्तर बुधनीच्या घाटात बोगद्यांतून जाताना तिचं तिलाच सापडतं. भोपाळ आणि सांचीच्या मध्ये कर्कवृत्त ओलांडतो, तेही नकाशात बघून वहीत जातं. सांचीला टेकडीवरचा स्तूप दिसतो, तेव्हा दोघांनाही खिडकीशी बोलवा.

धाकट्याकडे शिट्टी. रुळांच्या कडेला 'सी/फा' लिहिलेली पिवळी पाटी असते. सीटी फाटक, म्हणजे पुढे फाटक आहे, शिट्टी वाजवा. इंजिन आपल्या डब्याच्या बरंच पुढे असतं, त्यामुळे शिट्टी आधी ऐकू येते, मग पाटी सरकत येते आणि थोड्या वेळानं फाटक, त्यापाशी खोळंबलेले ट्रॅक्टर आणि मोटारसायकली. हा क्रम एकदा कळला की पोरगं शिट्टी झाली रे झाली की "आता पाटी!" म्हणून ओरडतं. त्याला डाव्या बाजूला, गाडीच्या तोंडाकडे बघत बसवा, नाहीतर पाटीची पाठच दिसते.

आकडेमोड आवडणाऱ्या मुलांसाठी विजेचे खांब आहेत. खांबावरच्या आकड्यात एक किलोमीटरचा असतो आणि दुसरा त्या किलोमीटरमधल्या खांबाचा. किलोमीटरचा आकडा बदलला की घड्याळ लावायचं, पुन्हा बदलला की थांबवायचं. ३६०० ला त्या सेकंदांनी भागलं की ताशी वेग मिळतो. ३६ सेकंद लागले तर शंभर, ४० लागले तर नव्वद. थोरली भागाकार करते आणि समोरचे काका मोबाइलवर वेग बघून ताळा देतात. तोंडओळखही होते. (खाऊ कोणी दिला तर "आईला विचारते" एवढंच म्हणायचं, हे घरूनच पढवून ठेवा.)

समोरून येणाऱ्या गाड्यांच्या इंजिनावरची अक्षरंही वाचू द्या. डब्ल्यूएपी म्हणजे प्रवासी गाडीचं, डब्ल्यूएजी म्हणजे मालगाडीचं. मालगाडीच्या शेवटी गार्डला हात करायचा. तोही बहुतेक वेळा करतो.

भुईमुगाच्या भाजलेल्या शेंगा जरूर न्या. सोलण्यात चांगला अर्धा तास जातो, फक्त टरफलांना कागदी पिशवी आधी हातात द्या. चिवडा मात्र घरीच ठेवा, तो पोटात कमी आणि चादरीत जास्त जातो. नाव-गाव-फळ-फूल आणि फुल्या-गोळ्याला वहीची मागची पानं पुरतात. भेंड्या मुलांना आवडतात, शेजाऱ्यांना नाही, तेव्हा अंदाज घेऊन.

मोबाइलला माझी बंदी नाही. बीना ते झाशी दुपारचं ऊन, बाहेर सगळं एकसारखं आणि पोरं पेंगुळलेली, तेव्हा तासभर द्यायचा. आदल्या रात्री काय ते उतरवून ठेवा, वाटेत रेंजचा भरवसा नाही. आणि कानाला हेडफोन हवाच, डब्यात मोठ्यानं लावायला रेल्वेचीही मनाई आहे. तासभर झाला की परत घेताना रडारड होते, ती होऊ द्या.

झाशीनंतर मुलं "आलं का?" सुरू करतात. त्यांना दतियाचा जुना राजवाडा शोधायला सांगा. पुढे सोनागीरच्या टेकडीवर जैनांची पांढरी देवळं दिसतात, सत्तरहून जास्त आहेत. गाडी निघून जायच्या आत ती मोजून होत नाहीत, पण भांडण ग्वाल्हेरपर्यंत पुरतं. तेवढ्यात आपण चपला, बाटल्या, चार्जर गोळा करायचे आणि बर्थखाली काही राहिलं का ते बघायला धाकट्याला पाठवायचं. त्याला वाकावंसुद्धा लागत नाही.